शब्द होते, मत नव्हते : १९०२चे अंदाजपत्रक आणि मिठावरील कर

१/ मवाळ म्हणजे अर्ज, विनंत्या आणि लांबलचक इंग्रजी भाषणे. मिठाचा प्रश्न म्हणजे १९३० आणि दांडी. इतिहासप्रेमी तरुणांत हे समीकरण इतके रूढ झाले आहे की त्याला पुरावा मागण्याची गरज कोणाला वाटत नाही. हे समीकरण चुकीचे आहे. ते का, हे समजण्यासाठी २६ मार्च १९०२ रोजीच्या कलकत्त्यात जावे लागते.

२/ त्या दिवशी गव्हर्नर जनरलच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर चर्चा होती. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांनी सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती आणि तिच्याबद्दल त्यांचे अभिनंदन होत होते. पस्तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले या सभागृहात नवखे होते. या अभिनंदनात आपण सामील होऊ शकत नाही, असे त्यांनी सभ्य पण स्पष्ट शब्दांत सांगितले.

३/ तो काळ आठवावा. १८९६-९७चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९००चा त्याहून भीषण दुष्काळ आला. मुंबई-पुण्यात प्लेगने घरे ओस पाडली. अशा वर्षांत प्रजा खंगत होती आणि तिजोरी मात्र फुगत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हा गोखल्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांनी सरकारच्याच आकड्यांतून काढले.

४/ हिशेब असा. हिंदुस्थान सरकारला व्याज, निवृत्तिवेतने आणि इतर खर्चांपोटी दरवर्षी दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम विलायतेत भरावी लागे. कर रुपयांत गोळा होत, देणे पौंडांत असे. चांदी घसरत गेली, तसा रुपयाही घसरला. ही तूट भरून काढण्यासाठी, शिवाय ब्रह्मदेशाच्या युद्धाच्या खर्चासाठी, कर वाढवण्यात आले. त्यांपैकीच एक वाढ १८८८ साली मिठावर झाली.

५/ १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या. रुपया दुर्मीळ झाला आणि त्याचे मोल चढू लागले. १८९४-९५ मध्ये तो सुमारे १३ पेन्सांवर होता. पुढे तो १६ पेन्सांवर स्थिरावला. पौंडाचे पेन्स २४०. म्हणजे एक पौंड धाडण्यास पूर्वी अठरा रुपयांहून अधिक लागत, आता पंधरा पुरू लागले. पौंडामागे तीन रुपये वाचले, की दीड कोटी पौंडांमागे साडेचार कोटी रुपये वाचतात.

६/ ही शिल्लक प्रजेच्या भरभराटीतून आलेली नव्हती. ज्या संकटासाठी कर वाढवले ते संकट सरले, कर मात्र तसेच राहिले. त्या दोहोंमधल्या फरकाला अर्थसदस्य यश म्हणत होते.

७/ या चढलेल्या रुपयाची दुसरी बाजू गावात दिसत होती. शेतकऱ्याची बचत चांदीच्या दागिन्यांत असे. रुपया महाग झाला, चांदी स्वस्तच राहिली. दुष्काळात घरातील वाळे-तोडे सराफाकडे नेले, तेव्हा त्यांचे पूर्वीइतके रुपये येईनात. सारा मात्र रुपयांतच द्यावा लागे. तिजोरीला फळलेला विनिमयदर शेतकऱ्याला असा भोवला.

८/ आता मीठ. १८८८पासून कर होता मणाला अडीच रुपये. सरकारी मण चाळीस शेरांचा आणि अडीच रुपयांचे आणे चाळीस. म्हणजे शेराला बरोबर एक आणा, तोही नुसत्या कराचा. सधन माणूस मजुराहून अधिक मीठ खात नाही. उलट उन्हात घाम गाळणाऱ्याला ते जास्त लागते. त्यामुळे हा कर ऐपतीच्या नेमका उलट चालतो. कोट्यवधींची शिल्लक हाती असताना तो चालू ठेवणे म्हणजे गरिबाच्या भाकरीवरून सरकारी हिशेब सजवणे होते.

९/ हे भाषण एका दिवसाच्या स्फूर्तीतून आले नव्हते. गोखले फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत, अंकगणिताचे पाठ्यपुस्तक त्यांच्या नावावर होते. आकड्यांच्या जुळवणीत त्यांना अर्थशास्त्राचे व्यासंगी गणेश व्यंकटेश जोशी यांचे साहाय्य असे. आणि पुरावा हाती नसताना केलेल्या विधानाची किंमत गोखल्यांनी मोजलेली होती. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्ताविषयी विलायतेत केलेले आरोप सिद्ध करता न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली होती. कलकत्त्यात मात्र त्यांचा साक्षीदार खुद्द सरकारचे दफ्तर होते.

१०/ पुढे काय झाले? १९०३ मध्ये मिठावरील कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर, १९०७ मध्ये एका रुपयावर. १९०३ मध्येच प्राप्तिकराची माफमर्यादा वार्षिक पाचशे रुपयांवरून हजारावर गेली. गोखले दरवर्षी उभे राहत आणि तोच धागा पुढे नेत.

११/ यावर जहालांच्या बाजूचा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. १८९२च्या कायद्याने कौन्सिलच्या सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती, मत देण्याची नव्हे. साधा ठरावही मांडता येत नसे. कर कमी झाले ते सरकारच्या मर्जीने झाले. मर्जी फिरली असती, तर अडवण्याचे साधन गोखल्यांच्या हाती नव्हते.

१२/ पण हा दोष सभागृहाच्या रचनेचा आहे, भाषणाचा नव्हे. याचना करणारा दात्याच्या औदार्याला हात घालतो. गोखल्यांनी सरकारच्या हिशेबाला हात घातला. आमच्या राज्यात प्रजा सुखी आहे, हा साम्राज्याचा नैतिक आधार होता आणि शिल्लक हा त्याचा पुरावा म्हणून पुढे केला जाई. तो पुरावाच त्यांनी उलटा फिरवला. याला भिक्षा म्हणायचे असेल, तर लेखापरीक्षणालाही भिक्षाच म्हणावे लागेल.

१३/ नुसते मत मिळून भागत नाही, हे १९२३ने दाखवले. एव्हाना केंद्रीय कायदेमंडळाला करविषयक विधेयकावर मतदानाचा अधिकार होता. तूट भरण्यासाठी अर्थसदस्य बॅसिल ब्लॅकेट यांनी मिठावरील कर सव्वा रुपयावरून पुन्हा अडीच रुपयांवर नेण्याचा प्रस्ताव आणला. कायदेमंडळाने तो फेटाळला. व्हाइसरॉय रीडिंग यांनी आपला विशेषाधिकार वापरून तो लागू केला. शेराला एक आणा पुन्हा आला. तो पुढल्या वर्षी मागे घेतला गेला, पण अंतिम शब्द कोणाचा, हे सर्वांना कळून चुकले.

१४/ म्हणून १९३० आले. गोखल्यांना राजकीय गुरू मानणाऱ्या गांधींनी दांडीला मूठभर मीठ उचलले आणि वडाळा-शिरोड्यापर्यंत लोक मिठागरांवर उतरले. सत्याग्रहींनी जोडले ते धैर्य आणि लोकांचे बळ. या कराविरुद्धचे आर्थिक आरोपपत्र मात्र तीन दशकांपूर्वीच सभागृहात दाखल झालेले होते. ज्यांना पहिली कृती पूज्य आणि दुसरी हास्यास्पद वाटते, त्यांनी इतिहासाचा अर्धाच भाग वाचला आहे.

१५/ १९४७च्या अंदाजपत्रकात हंगामी सरकारने मिठावरील कर रद्द केला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद २६५ने स्पष्ट केले की, कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही. गोखल्यांपाशी जे नव्हते, ते मत आता लोकांच्या प्रतिनिधींपाशी आले.

१६/ त्या मताचे काय होते? २०१८ आणि २०२३ साली लोकसभेत गोंधळ चालू असताना खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेविना एकत्रित मतास टाकून संमत झाल्या. सत्ताधारी आणि विरोधक, दोघेही आपापली कारणे सांगतात. देशाच्या वर्षभराच्या खर्चाला संमती देताना एकही प्रश्न विचारला जाऊ नये, याचे समर्थन त्यांतील एकाही कारणाने होत नाही.

१७/ १९०२ मध्ये एका सभासदापाशी शब्द होते, मत नव्हते. तरी त्याने सात कोटींच्या शिलकीचा हिशेब मागितला. आज मत आहे आणि शब्द गिळले जातात. मवाळ कोणाला म्हणावे, हे ठरवण्यापूर्वी ही दोन दृश्ये शेजारी ठेवून पाहावीत.