मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा

बॅटमॅन जोकरला ठार का मारीत नाही, हा अमेरिकन कॉमिक्सच्या वाचकांतला जुना वाद. जोकर पकडला जातो, वेड्यांच्या इस्पितळात जातो, पळतो आणि पुन्हा माणसे मारतो. मग त्या रक्ताचा वाटेकरी बॅटमॅनही नाही काय? प्रश्न पोरकट म्हणून उडवून लावू नये. आपलीही पोरे न्याय म्हणजे काय, हे याच पडद्यावरून शिकत आहेत.

हा नियम काही बोधिवृक्षाखाली सापडलेला नाही. १९३९ साली अवतरलेला बॅटमॅन सुरुवातीला खुशाल माणसे मारीत होता. १९४० मध्ये त्याने विमानातून मशीनगन चालविली, तेव्हा कुठे संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी यापुढे हत्या नको, असा दंडक घातला.

म्हणून नियम मोडावा काय? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व विचार करायला लावते. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी. आम्ही याच मापाने मोजतो.

२००५ सालच्या कथेत मॅक्सवेल लॉर्ड सुपरमॅनच्या मनाचा ताबा घेतो. सुपरमॅनला सोडविण्याचा उपाय काय, असे वंडर वुमन त्याला सत्य वदविणाऱ्या दोरात बांधून विचारते. ‘मला मार’ हेच उत्तर येते. ती त्याची मान मोडते. बॅटमॅन आणि सुपरमॅन तिच्याकडे पाठ फिरवितात, पण आम्हाला तिला दोष देता येत नाही. दुसरा मार्ग तिने आधी विचारला होता.

पनिशरचे तसे नाही. १९७४ साली जन्मलेला, छातीवर कवटी मिरविणारा हा माजी सैनिक. त्याचे कुटुंब गुंडांनी मारले हे खरे. पण पुढे आरोप, खटला, शिक्षा सारे तो एकटाच उरकतो. समोरचा निर्दोष निघाला तर? कथेत लेखक आधीच गुन्हेगार ठरवून देतो, म्हणून तो प्रश्न उठत नाही. रस्त्यावर असा लेखक नसतो. तिथे संशय कोणावर घ्यायचा, हे कातडीचा रंग ठरवितो.

२०१७ साली केंटकीतील कॅटलेट्सबर्गच्या पोलिसांनी हीच कवटी आपल्या गाड्यांवर चिकटविली होती. टीका झाल्यावर काढली. २०१९ च्या अंकात खुद्द पनिशरच पोलिसांच्या गाडीवरचे ते चिन्ह फाडतो आणि माझ्यासारखे होऊ नका, असे त्यांना बजावतो. २०२० साली जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर पनिशरचा जनक जेरी कॉनवे याने कृष्णवर्णीय व इतर गौरेतर चित्रकारांकडून ती कवटी नव्याने काढून घेतली, शर्टांवर छापली आणि पैसा ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ला दिला.