वृद्धांच्या पावलाचे माप

आमच्या पेठेतील चौकात एक वयोवृद्ध गृहस्थ सायंकाळी हातात काठी आणि भाजीची पिशवी घेऊन उभे असतात. हिरवा दिवा लागताच ते लगबगीने निघतात, परंतु पदपथाचा काठ घोट्याच्याही वर गेलेला असल्यामुळे आधी काठी, मग एक पाय आणि खांबाचा आधार घेत दुसरा पाय, असे करीत ते रस्त्याच्या मध्याशी पोहोचतात न पोहोचतात तोच दिवा लाल होऊन चहूकडून भोंगे वाजू लागतात.

यात दोष त्यांच्या पावलांचा नाही, हिशेबाचा आहे. पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असे सामान्यतः गृहीत धरून सिग्नलची मुदत ठरवितात. त्या मापाने चोवीस मीटरचा रस्ता २० सेकंदांत ओलांडता येतो, पण गुडघे झिजून ज्याची चाल ०.८ मीटरवर आली त्याला ३० सेकंद हवेतच. सिंगापुरात २००९ पासून वृद्धाने आपले कार्ड खांबावरील यंत्राला टेकविले की ही मुदत वाढते. आपल्याकडे पदपथाचा काठ १५० मिलिमीटरहून उंच नसावा, हा इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक दप्तरी आहे. तो फरसबंदीपर्यंत उतरत नाही, हे दुःख.

२०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात शंभरांत सुमारे दहा माणसे साठीपुढची होती. त्यांच्यासाठी उद्याने झाली, विरंगुळा केंद्रे झाली, २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील प्रवाशांना एस.टी.चे भाडेही माफ झाले, आणि या सर्वांचे मी मनःपूर्वक स्वागत करतो; परंतु बसची पहिली पायरी चढवत नसेल आणि केंद्रापर्यंतच्या वाटेत टेकायला एक बाकही नसेल, तर या सवलती ज्यांच्यासाठी आहेत तेच घरी बसून राहतात. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून बसण्याची सोय केली गेली, म्हणजे हे काम अशक्य कोटीतले नव्हे.

माझी विनंती एवढीच की, येत्या अंदाजपत्रकाला मंजुरी मिळण्यापूर्वी प्रत्येक प्रभागाच्या अभियंत्याने सत्तरी उलटलेल्या एका नागरिकाबरोबर त्याच्या घरापासून दवाखान्यापर्यंत एकदा पायी जावे, आणि तो जेथे जेथे दम घ्यायला थांबेल तेथे तेथे बाकाची तजवीज करावी.