थांबा शहराचा, बस कुणाची?

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांकडे सोपवता येतील अशी १८ कामं दिली आहेत. चौथ्या क्रमांकावर रस्ते आणि पूल आहेत. सतराव्यावर रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बस थांबे आणि स्वच्छतागृहं. पूर्ण यादी दोनदा वाचली तरी त्यात ‘बस’ सापडत नाही. म्हणजे थांब्याचं शेड महापालिकेचं, पण तिथे बस किती मिनिटांनी येईल आणि तिकीट किती असेल, यावर घटना गप्प आहे. शिवाय ही १८ कामंसुद्धा राज्याने द्यायचीच, असं बंधन नाही. कलम २४३-डब्ल्यू म्हणतं, विधिमंडळ ती देऊ शकेल.

हे आता आठवायचं कारण म्हणजे मुंबई महानगर प्रदेशासाठी एकात्मिक वाहतूक प्राधिकरणाचा कायदा करण्याची जुनीच चर्चा. असं प्राधिकरण असावं, ही शिफारस २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात होती आणि २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणाने ती आणखी आग्रहाने मांडली. आपल्याकडे याआधी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली अशी समिती झाली होती, पण तिच्यामागे कायद्याचं बळ नव्हतं. आता हवा आहे तो कायदा.

तो हवाच, हे आधी मान्य करू. या प्रदेशात ९ महापालिका आहेत. बेस्ट, टीएमटी, एनएमएमटी, केडीएमटी यांच्या बसेस आपापल्या हिशोबाने धावतात, मेट्रो कधी एमएमआरडीएची तर कधी दुसऱ्याच कंपनीची, लोकल केंद्राची. भिवंडीसारख्या ७ लाखांवर वस्तीच्या यंत्रमागांच्या शहरात माणूस कामाला निघाला की त्याचा मुख्य आधार एसटी आणि शेअर रिक्षा. गोवंडीच्या शिवाजीनगरातून निघणाऱ्या मुलीला रेल्वे स्टेशन गाठायलाच आधी एक बस लागते. या दोघांसाठी कुणीतरी एकत्र वेळापत्रक आखायला हवं, आणि आज ते कुणाचंच काम नाही.

प्रश्न आहे तो त्या खुर्चीवर कोण बसणार आणि पैसे कोण भरणार, हा.

कर्नाटकाने २०२२ मध्ये बंगळुरूसाठी असा कायदा केला. प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री. विधेयक संमत झालं तेव्हा बंगळुरू महापालिकेत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. त्याची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली होती. ज्या शहराच्या वाहतुकीचा कायदा होत होता, त्या शहराच्या वतीने बोलायला निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता.

आपल्याला हे अनोळखी नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. नगरसेवकांबरोबर बेस्ट समितीही गेली. याच काळात, ९ मे २०२५ पासून, बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० आणि एसी बसचं ६ वरून १२ झालं. भाडेवाढ गरजेची होती की नव्हती, यावर वाद होऊ शकतो. पण तो वाद सभागृहात झालाच नाही, कारण सभागृह नव्हतं. रोज दोन बस बदलणाऱ्या घरकामगार बाईने कुणाच्या दारात जाऊन विचारायचं होतं?

पैशाचं चित्र आणखी स्पष्ट आहे. वाहनांवरचा कर राज्य घेतं आणि त्या वाहनांनी झिजवलेला शहरातला रस्ता बहुतेक वेळा महापालिका दुरुस्त करते. जकात १ जुलै २०१७ पासून गेली. तिच्या बदल्यात दरमहा राज्याकडून भरपाई येते, म्हणजे महापालिकेची हक्काची कमाई आता वाट पाहण्याची गोष्ट झाली. मार्च २०२३ मध्ये राज्याने महिलांना एसटीचं अर्धं तिकीट दिलं, फार चांगलं केलं, आणि त्याचा भार राज्य उचलतं. पण ही सवलत शहर बसला लागू नव्हती. एखाद्या महापालिकेला तसंच करायचं असेल तर पैसे तिने तिच्या तिजोरीतून काढायचे. कर्नाटकातली शक्ती योजना बंगळुरूच्या शहर बसमध्येही चालते, कारण तिथली बस राज्याच्या महामंडळाची आहे. निर्णय घेणारा आणि पैसे देणारा तिथे एकच आहे. आपल्याकडे ते दोन आहेत, आणि नवा कायदा ही दरी वाढवू शकतो: मार्ग आणि भाडं ठरवणार प्राधिकरण, तोटा भरणार महापालिका.

पुण्याकडे पाहिलं तर याची झलक दिसते. पीएमपीएमएलची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महापालिका ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतात. रोजचा कारभार मात्र राज्याने नेमलेले आयएएस अधिकारी पाहतात. अधिकारी चांगला आला तर बस सुधारते. त्याची बदली झाली की पुन्हा पहिले पाढे.

याचा अर्थ महापालिकांनी आजवर दिवे लावलेत, असा मुळीच नाही. मुंबईचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींहून मोठा होता आणि त्यात बेस्टला मिळाले १ हजार कोटी. स्वतःच्या गाड्या घटू देऊन कंत्राटाच्या बसवर भिस्त ठेवली तीही मुंबईनेच. पण चुकीचा निर्णय घेणारा नगरसेवक पुढच्या निवडणुकीत पाडता येतो. प्राधिकरणाच्या सदस्य-सचिवाला कसं पाडणार?

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ‘एकात्मिक’ या शब्दाकडे जरा संशयाने बघतो. दोन प्रणाली जोडायच्या असतील तर दोन्हींचा डेटाबेस एकाच मालकाच्या हाती द्यावा लागत नाही. माहितीची देवाणघेवाण कोणत्या नियमांनी होईल, एवढं ठरवावं लागतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ ॲप आलं. ११ संस्थांची तिकिटं एका ॲपमध्ये आली आणि त्यासाठी कुणाची मालकी हलवावी लागली नाही. मग कायद्यात आधी हेच लिहा: प्रत्येक सेवेने मार्ग, वेळापत्रक आणि बस आत्ता कुठे आहे ही माहिती खुली ठेवावी. ही माहिती खुली झाली तर कोणत्या वस्तीत बस किती मिनिटांनी येते हे कुणीही मोजू शकेल. मला वाटतं, प्राधिकरणापेक्षा याचाच उपयोग मुंब्रा-गोवंडीला लवकर होईल.

बाकी मसुदा येईल तेव्हा थेट दोन कलमं शोधा. ‘प्राधिकरणाची रचना’ या कलमात ९ महापौरांना मतदानाचा अधिकार आहे की ते नुसते ‘निमंत्रित’ आहेत? आणि ‘निधी’च्या कलमात, प्राधिकरणाने लादलेल्या मार्गाचा किंवा सवलतीचा तोटा कोण भरणार, हे लिहिलं आहे का? जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना गेल्या होत्या. बसच्या विधेयकावर सहसा वाहतूक सल्लागार आणि कंत्राटदार लिहितात. हरकतींची मुदत जाहीर झाली की दोन्ही प्रश्न मराठीत, एका पानात लिहून पाठवा आणि त्याची प्रत जानेवारीत निवडून आलेल्या आपल्या नगरसेवकाच्या हातात द्या.