शिडीचे दोन रुपये

दिवाळी जवळ आली की शिर्डीत तेलाची गोष्ट हमखास निघते. द्वारकामाई मशिदीत दिवे लावायची साईबाबांना हौस. तेलासाठी ते गावातल्या वाण्यांच्या दुकानांत फिरत आणि मिळेल त्या तेलावर रात्रभर पणत्या तेवत ठेवत. एके दिवशी वाण्यांनी संगनमत केले, आज तेल द्यायचे नाही. बाबा आले तसे एकेकाने सांगून टाकले, तेल संपले. बाबा मुकाट्याने परतले, पणत्यांत पाणी घातले आणि दिवे पेटले. ही गोष्ट इथल्या पोरासोरांनाही तोंडपाठ आहे. सांगणारा पाण्यावर तेवणाऱ्या दिव्यांपाशी रंगतो आणि ऐकणारा हात जोडतो.

आम्हाला मात्र दुकानाच्या पायरीपाशीच थोडे थांबावेसे वाटते. रोज फुकट तेल देणे त्या वाण्यांना जड जात असेल. गाव लहान, धंदा बेताचा, आणि दारात उभा असलेला फकीर अजून कुणाचा देव झालेला नव्हता. 'बाबा, आज जमत नाही' असे कुणी म्हटले असते, तर त्यात काही पाप नव्हते. पण त्यांनी ठरवून खोटे सांगितले. मागायला आलेल्या माणसाची जिरावी, त्याची फजिती पाहावी, असे त्यांना वाटले. तेल न दिल्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. दोष त्या मजा पाहण्यात होता.

'श्रीसाईसच्चरित' लिहिणारे गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजे हेमाडपंत, यांनी अठराव्या-एकोणिसाव्या अध्यायांत बाबांची जी शिकवण नोंदवली आहे, ती आम्हाला त्या दिव्यांहून मोठी वाटते. दारात आलेला माणूस असो की मुके जनावर, काही ऋणानुबंध असल्याशिवाय तो येत नाही, तेव्हा त्याला हिडीसफिडीस करू नये. तहानेल्याला पाणी द्यावे, भुकेल्याला भाकरी द्यावी, वाटसरूला टेकायला ओसरी द्यावी. इथवरचे सगळे संत सांगतात. पुढचे सांगणे खास बाबांचे आहे. कुणी पैसे मागितले आणि तुम्हाला द्यायचे नसतील, तर देऊ नका. पण त्याच्या अंगावर कुत्र्यासारखे भुंकू नका.

यात 'नाही' म्हणण्याची पुरी मोकळीक आहे. सगळ्यांना सगळे देता येत नाही, हे बाबांना कळत होते. रोज जमणारी दक्षिणा ते रोज वाटून टाकत आणि स्वतः अखेरपर्यंत भिक्षेवर राहिले. गावातल्या ठरावीक पाच घरांपुढे उभे राहून भाकरी मागणाऱ्या माणसाला नकार कसा ऐकू येतो, हे ठाऊक असणारच. बायजाबाई कोते डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन रानात काट्याकुट्यांतून त्यांना शोधत फिरे आणि सापडले की जेवू घातल्याशिवाय परतत नसे, हेही त्यांनी अनुभवले होते. द्यायचे असेल तर ते बायजाबाईसारखे आणि नसेल तर निदान न भुंकता, एवढीच ती शिकवण. सोपी वाटते, पण सबंध दिवसभर पाळून पाहिली की तिचा भार कळतो.

कारण शिर्डी आज मागणाऱ्यांचे आणि देणाऱ्यांचे गाव आहे. २०११च्या जनगणनेत छत्तीस हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या या गावात रामनवमीला, गुरुपौर्णिमेला, नाताळच्या सुट्टीत लाखांनी माणसे येतात. नवस फेडायला आलेला कुणी नोटांचे बंडल घेऊन रस्त्यावर उभा राहतो. भोवती झुंबड उडाली की तो घाबरतो, नोटा वरच्या वर उधळून देतो आणि गाडीत बसतो. पैसे गेले, पुण्य झाले. पण त्या नोटांसाठी खाली वाकलेल्या म्हातारीचा चेहरा त्याने पाहिलाच नाही. इकडे त्याच्याच गाडीमागे हार-प्रसादाच्या दुकानात ओढून नेणारा दलाल, इथल्या बोलीत पॉलिशवाला, धावत असतो. आंध्र-तेलंगणातून आलेल्या, मराठीचा गंध नसलेल्या कुटुंबाला हाराचा भाव दुप्पट सांगितला जातो. परक्या माणसाला खरा भाव सांगणे हीसुद्धा दयाच आहे आणि तिला एक पैसाही पडत नाही. ज्या दुकानदारांनी मोडकीतोडकी का होईना, तेलुगू शिकून घेतली आणि जे आजी-आजोबांना नीट रस्ता दाखवतात, तेही याच गावात आहेत. गावाचे नाव त्यांनी राखले आहे.

मंदिराच्या रस्त्यावरच्या एका चहाच्या गाडीपाशी घडलेला प्रसंग सांगतो. सकाळची वेळ, स्टोव्ह नुकताच पेटलेला. एक म्हातारी हात पुढे करून उभी राहिली. चहावाला म्हणाला, "आजी, अजून भवानी व्हायचीय. बसा तिथं, सावलीला." ती कडेला बसली. तीन-चार गिऱ्हाइके झाल्यावर त्याने तिला हाक मारली आणि गिऱ्हाइकांना देतो त्याच काचेच्या ग्लासात चहा भरून दिला. मागणाऱ्यांसाठी वेगळी प्लॅस्टिकची पेली ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी असते, ती इथे नव्हती. चहा पिऊन झाल्यावर म्हातारीने ग्लास स्वतः विसळून ठेवला. तिलाही आपला मान ठेवायचा होता, आणि त्याने तो तिला ठेवू दिला. पहिल्यांदा तो 'नाही'च म्हणाला होता, पण त्याने तिला घालवून दिले नव्हते.

हे लिहिताना २०२५च्या एप्रिलची आठवण टाळता येत नाही. शिर्डीत रस्त्यावर भीक मागणाऱ्यांना मोहीम काढून पकडले गेले आणि श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या भिक्षेकरी केंद्रात पाठवले गेले. त्यांतल्या काहींना पुढे नगरच्या जिल्हा रुग्णालयात हलवावे लागले आणि तिथे काहींचा मृत्यू झाला. त्याआधीच्या महिन्यांत गावात गुन्हे घडले होते, लोक धास्तावले होते. बंदोबस्त हवा, या मागणीत चूक काही नव्हते. भिकेच्या आडून व्यसन आणि दादागिरी चालते, हेही खरे. पण जो देव स्वतः झोळी घेऊन पाच दारांत उभा राहिला, त्याच्या गावात भीक मागणारा माणूस हा आधी माणूस आणि मग कायद्याचा प्रश्न असला पाहिजे. त्याला गाडीत चढवण्याआधी तो आजारी आहे का, त्याचे कुणी आहे का, त्याने काही खाल्ले आहे का, एवढे तरी विचारायला हवे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला प्रसादालयातल्या मोफत जेवणावरही मोठी चर्चा झाली. जेवणाचा खर्च, शिस्त, कूपन यांवर मतभेद असायला हरकत नाही. मात्र पंगतीत बसलेल्यांना कुणी फुकटे म्हणू नये. त्या प्रसादालयात सौरऊर्जेच्या वाफेवर एका वेळी हजारोंचे अन्न शिजते. वाढणारा 'साईराम' म्हणत वरणाचे भांडे घेऊन वाकतो, तेव्हा समोरचे ताट मोटारीतून आलेल्याचे आहे की पायी पालखीबरोबर आलेल्याचे, हे तो पाहत नाही. त्या पंगतीची खरी शोभा तीच आहे.

विदर्भातल्या शेगावला गेलेला माणूस परतल्यावर मंदिराइतकेच तिथल्या सेवेकऱ्यांविषयी बोलतो. 'माउली, पुढे चला', 'माउली, चप्पल इथे ठेवा', इतक्या साध्या शब्दांत ते गर्दी हलवतात. रांग आमच्याकडेही आहे आणि सेवाभावी माणसेही आहेत. गर्दीत आवाज चढू न देण्याची सवय मात्र आपण मुद्दाम लावून घ्यायला हवी. दिवसभर त्याच त्या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या सुरक्षारक्षकाचा जीव मेटाकुटीला येतो, हे आम्ही जाणतो. म्हणून भाविकांनीही त्याला 'अहो दादा' म्हणावे आणि रांग मोडायला ओळखीचा फोन लावू नये. सौजन्य दोन्ही बाजूंनी लागते.

आता शिडीकडे येतो. एकदा भर दुपारी बाबा त्यांच्या भक्त राधाकृष्णामाईंच्या घरापाशी आले आणि म्हणाले, शिडी आणा. कुणीतरी शिडी आणून लावली. बाबा शेजारच्या वामन गोंदकरांच्या छपरावर चढले, माईंच्या छपरावरून चालत गेले आणि पलीकडून उतरले. का, ते कुणालाच उमगले नाही. उतरल्याबरोबर त्यांनी शिडी आणणाऱ्याच्या हातावर दोन रुपये ठेवले. त्या काळी दोन रुपये म्हणजे चांगली मोठी रक्कम. एवढ्याशा कामाला एवढे पैसे कशाला, असे कुणी तरी विचारलेच. बाबांनी सांगितले, कुणाचे कष्ट फुकट घेऊ नयेत. काम करणाऱ्याला त्याचे दाम ताबडतोब आणि सढळ हाताने द्यावे.

आमच्या मते दिवाळीत वाचायची गोष्ट ही आहे. दानाचे कौतुक आपल्याकडे उदंड होते, मजुरीचे होत नाही. मंदिराच्या पेटीत हजाराची पावती फाडणारा गृहस्थ घरी धुणेभांडी करणाऱ्या मावशींचे दोन दिवसांचे खाडे कापतो. दिवाळीची बक्षिसी देताना 'आता नीट काम करायचं बरं का' हे वर ऐकवतो. घंटागाडीवर काम करणारे फटाक्यांचा कचरा पाडव्याच्या पहाटे उचलतात, तेव्हा आपण अंथरुणात असतो. त्यांना फराळाचा पुडा देताना तो उरलासुरला नसावा. आपल्या घरच्या पाहुण्यांना ज्या डब्यातून चकली दिली, त्याच डब्यातली द्यावी.

आणि आमच्या जिल्ह्यात तर दिवाळी ही उसाच्या हंगामाची चाहूल असते. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे बीड, पाथर्डीकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात उतरतात. गावकुसाबाहेर पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. लेकरे थंडीत उसाच्या फडावर झोपतात. या माणसांना आपण 'टोळी' म्हणतो. त्यांच्या कोपीत दिवाळीचा एखादा लाडू गेला तर छानच, पण त्याहून गरजेचे आहे ते चोख वजन, वेळेवर हिशेब, पाण्याचा टँकर आणि बाईमाणसांसाठी आडोसा. शिडी आणणाऱ्याला जे दोन रुपये लगोलग मिळाले, त्यांचा अर्थ फडावर हाच होतो. अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्यांचेच नाव २०२४ मध्ये जिल्ह्याला मिळाले. त्यांनी देशभर घाट आणि विहिरी बांधल्या. विहिरीवर पाणी पिणाऱ्याला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. सोयी अशा असाव्यात की माणसाला मागायची वेळच येऊ नये, ही समज जिल्ह्याच्या नावासोबत आपण घ्यायला हवी.

देण्याविषयी एवढे बोललो, पण घेण्यातही मोठेपणा असतो. सच्चरितातली आणखी एक दिवाळी पाहा. १९१० साल, धनत्रयोदशीचा दिवस. बाबा धुनीपाशी बसले होते. त्यांनी एकाएकी हात जाळात घातला. त्यांचे भक्त माधवराव देशपांडे यांनी त्यांना मागे ओढले तोवर हात भाजला होता. दूर एका लोहाराचे मूल भट्टीत पडत होते, त्याला वाचवले, असे बाबांनी सांगितले. दुसरे भक्त नानासाहेब चांदोरकर मुंबईहून डॉक्टर परमानंद यांना घेऊन आले, मलमपट्ट्या आणल्या. बाबांनी डॉक्टरांना हाताला हात लावू दिला नाही. हाताची पट्टी रोज सोडायचा, तूप चोळायचा, पान ठेवून पुन्हा बांधायचा मान त्यांनी दिला भागोजी शिंदे यांना. भागोजींना महारोग झालेला होता. त्या काळी महारोग्याची सावलीसुद्धा लोक टाळत. बाबांच्या अखेरपर्यंत ही सेवा भागोजींनी केली.

भागोजींना पैसे देणारे, भाकरी देणारे कुणी तरी भेटले असते. 'मला तुझी गरज आहे' असे त्यांना म्हणणारा एकच भेटला. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभे केले तेव्हा कुष्ठरोग्यांच्या हाती भिकेचा कटोरा न देता कुदळ-फावडे दिले. त्यामागची दृष्टी याच्या फार जवळची वाटते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही हे लागू आहे. आजीला नवे लुगडे आपण घेतो, पण करंजीचे सारण चाखून 'गोड बरोबर झालंय का' हे तिला विचारत नाही. तिने तळहातावर वळून आणलेला एक ओबडधोबड लाडू पाहुण्यांच्या ताटात ठेवायची आपल्याला लाज वाटते. तो ठेवावा.

१५ ऑक्टोबर १९१८, विजयादशमी. देह ठेवण्यापूर्वी बाबांनी कफनीच्या खिशातून आधी पाच आणि मग चार, असे नऊ रुपये लक्ष्मीबाई शिंदे यांना दिले. लक्ष्मीबाई खाऊनपिऊन सुखी होत्या, त्यांना पैशांची ददात नव्हती. वर्षानुवर्षे त्या बाबांसाठी भाकरी आणत. त्या नऊ रुपयांवर भक्तांनी नवविधा भक्तीचे अर्थ लावले आहेत. आम्हाला त्यात रोज भाकरी आणणाऱ्या बाईची राहिलेली देणी चुकती करून निघणारा माणूस दिसतो.

का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाशेजारी अंक असतो. अंक काढणाऱ्यांचेही काही देणे असते. यंदा प्रत्येक लेखकाचे आणि चित्रकाराचे मानधन अंक छापखान्यात जाण्याआधी पोचते केले आहे. बांधणीसाठी रात्री जागलेल्या कामगारांचा जादा वेळेचा हिशेबही अंक हाती पडायच्या आत पुरा झाला. जाहिरातदारांनी साथ दिली म्हणूनच हे जमले, त्यांचे आभार.

जागेअभावी किंवा निवडीमुळे ज्यांचे लेखन घेता आले नाही, त्या प्रत्येकाला छापील नकार न पाठवता हाताने पत्र लिहिले आहे. कथा का घेतली नाही, काय आवडले आणि कुठे अडखळलो, हे त्यात मोकळेपणाने कळवले आहे. कुणाला पत्र पोचले नसेल तर कार्यालयात जरूर कळवावे. पुढील अंकासाठी लेखन जूनअखेरपर्यंत पाठवता येईल. नव्या लेखकांचे आणि यंदा परत गेलेल्यांचे लेखन आम्ही आधी वाचू.



— संपादक, शिर्डी