विमानात प्रकृती बिघडली, तर जबाबदार कोण?

विमानात एखाद्या प्रवाशाचा मृत्यू झाला की समाजमाध्यमांवर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढ्या आजारी माणसाला विमानात घेतलंच कसं? दुसरा म्हणतो, विमान कंपनीने काहीच का केलं नाही? गंमत म्हणजे या दोन तक्रारी एकमेकींच्या विरोधात जातात. कंपनीने प्रत्येक आजारी माणसाला दारातच अडवायला सुरुवात केली, तर हेच लोक तिला निर्दयी म्हणतील.

मुळात विमानात शरीरावर ताण का येतो? विमान ३५ हजार फुटांवर असताना केबिनमधला हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. कळसूबाईचं शिखर सुमारे ५,४०० फूट आहे. म्हणजे प्रवासी त्याहून उंच जागी तासन् तास बसलेला असतो. निरोगी माणसाला हे जाणवत नाही. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्याला रक्तातला थोडा कमी झालेला ऑक्सिजनही महागात पडू शकतो.

म्हणूनच 'मेडिफ' नावाचा अर्ज असतो. उपचार करणारा डॉक्टर तो भरतो आणि कंपनीचा वैद्यकीय विभाग तपासून परवानगी देतो. पण ही सगळी व्यवस्था प्रवासी खरं सांगेल या भरवशावर चालते. तिकीट वाया जाईल, स्ट्रेचरचा खर्च झेपणार नाही, या भीतीने अनेक कुटुंबं आजार लपवतात. ही भीती समजण्यासारखी आहे. पण माहिती लपवल्यावर जबाबदारीचा मोठा भाग कुटुंबावरच येतो.

भारतात नियम काय?

इथे एक गल्लत टाळायला हवी. अपंगत्व म्हणजे आजार नव्हे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला जाणाऱ्या स्पाइसजेटच्या विमानातून उतरवण्यात आलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मे २०२२ मध्ये रांचीत इंडिगोने एका अपंग मुलाला विमानात घेतलं नाही आणि डीजीसीएने ५ लाखांचा दंड केला. त्यानंतर नियम बदलला: प्रवासात प्रकृती बिघडेल असं कंपनीला वाटलं, तर विमानतळावरच्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायची, त्याचं स्पष्ट मत घ्यायचं आणि मगच निर्णय करायचा. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या अंदाजावर आता भागत नाही.

भरपाई कधी मिळते?

आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. मृत्यू किंवा इजा 'अपघाता'मुळे झाली असेल, तरच कंपनी देणं लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जुन्या वॉर्सा कराराखालच्या एका खटल्यात १९८५ मध्ये 'अपघाता'ची व्याख्या केली: प्रवाशाच्या शरीराबाहेरची, अनपेक्षित किंवा असाधारण घटना. थोडक्यात, जुन्या आजाराने विमानात आलेला हृदयविकाराचा झटका एरवी यात बसत नाही.

मात्र २००४ मध्ये याच न्यायालयाने ऑलिंपिक एअरवेजला जबाबदार धरलं. विमानात सिगारेट ओढायला परवानगी होती, तेव्हाची ही घटना. दमा असलेल्या प्रवाशाला धुरापासून लांब बसवा, असं त्याच्या पत्नीने तीनदा विनवलं. हवाई सेविकेने नकार दिला आणि प्रवासी दगावला. आजार त्याचा होता, पण नकार कंपनीचा होता, आणि तो नकारही 'अपघाता'चाच भाग ठरला.

उरतो मदतीला धावणारा सहप्रवासी डॉक्टर. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, अर्थात घोर निष्काळजीपणा नसेल तर. भारतात २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. पण ते रस्त्यावरच्या अपघातापुरतंच आहे.