अर्धा सिनेमा आणि पूर्ण कादंबरी



मागच्या पालक सभेत एका गृहस्थांनी मला सरळच विचारले, "मॅडम, शाळा मराठी, आणि अकरावी-बारावीच्या अवांतर वाचनाच्या यादीत हिंदी कादंबरी? तीही नवरा-बायकोची?" वेळ संपत आली होती, म्हणून पत्रिकेतून उत्तर देईन असे मी म्हटले होते. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातले, तेव्हा लिहिण्यात कुठे हिंदी वळण आले तर सांभाळून घ्यावे.

कादंबरी आहे राजेंद्र यादव यांची 'सारा आकाश'. आधी ती 'प्रेत बोलते हैं' या नावाने निघाली होती. पुढे लेखकाने ती पुन्हा लिहून काढली आणि १९६० मध्ये ती आजच्या नावाने आली. आग्र्यातले एक मध्यमवर्गीय एकत्र कुटुंब, मिळकत थोडी, माणसे पुष्कळ. घरातला मुलगा समर इंटरच्या परीक्षेची तयारी करतो आहे. आपण कोणीतरी मोठे होणार, देशासाठी काही करणार, असे त्याच्या डोक्यात आहे, आणि त्याच्या मनाविरुद्ध घरचे त्याचे लग्न लावून देतात. बायको प्रभा मॅट्रिक झालेली. पहिल्या रात्री तो खोलीत जातो, तर ती खिडकीशी उभी. वळून बघतसुद्धा नाही. ही गर्विष्ठ आहे, असे ठरवून तो बाहेर पडतो. झाले! एका छपराखाली महिनोन् महिने दोघे एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत.

मी हे पुस्तक प्रथम बी.ए.ला असताना वाचले. खरे सांगते, तेव्हा मला समरचीच बाजू पटली होती. मुलीने नमस्कार करायला काय हरकत होती, असे वाटले होते! सगळी गोष्ट समरच सांगतो, त्यामुळे वाचणारा त्याच्याच डोळ्यांनी बघतो. दुसऱ्यांदा वाचले ते माझे लग्न झाल्यावर. तेव्हा लक्षात आले, की नव्या घरात पहिल्या रात्री ती मुलगी घाबरलेली असेल, हे समरच्या मनात एकदाही येत नाही. आणि माझ्याही आले नव्हते.

स्वयंपाकाचा प्रसंग बघा. प्रभाच्या हातची डाळ खारट होते, घरभर बोलणी बसतात, आणि पुढे कळते की मीठ थोरल्या जावेने टाकले होते. दुसरा प्रसंग पूजेच्या गणपतीचा. मातीचे साधे ढेकूळ समजून ती त्याने भांडी घासते. घरात हाहाकार होतो आणि समर तिच्यावर हात टाकतो. लेखक त्याची बाजू सावरत नाही, त्याला खलनायकही करत नाही. तो चांगला, अभ्यासू, देवभोळा मुलगा आहे आणि तरी असे वागतो. आमच्या बारावीतल्या मुलांनी ही गोष्ट वाचावी, असे मला वाटते ते नेमके यासाठी.

बासू चटर्जी यांनी १९६९ मध्ये यावर पहिला चित्रपट काढला. कॅमेरा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या के. के. महाजन यांचा, आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रण आग्र्यातल्या घरात झाले. अरुंद जिना, गच्ची, एकमेकांना खेटून वावरणारी माणसे. ए. के. हंगल वडील, दीना पाठक आई. घरातला अबोला सिनेमात जितका ऐकू येतो तितका तो पुस्तकातही येत नाही, हे मी मानते.

पण सिनेमा अर्धाच आहे. एका रात्री गच्चीवर दोघांचा अबोला सुटतो आणि तिथे तो संपतो. आपण डोळे पुसून घरी जातो. कादंबरीचा मात्र तिथे फक्त पूर्वार्ध होतो. पुढे पैशाची ओढाताण, छापखान्यातली नोकरी, वडिलांशी भांडण. समरची बहीण मुन्नी नवऱ्याचा छळ सोसून माहेरी आलेली असते. तिला पुन्हा त्याच घरी पाठवतात, आणि मग तिच्या मरणाची बातमी येते. नवरा-बायकोचे प्रेम जुळले म्हणून घर सुधारत नाही. नुसता सिनेमा दाखवून भागेल असे एका विश्वस्तांनी सुचवले होते, त्यांना माझे म्हणणे हेच आहे.

एकत्र कुटुंब मोडावे असे हे पुस्तक शिकवते, असाही आक्षेप आला. त्यातले शिरीषभाई तसे बोलतात खरे, मला त्यांचे सगळे पटत नाही. मी स्वतः चौदा माणसांच्या घरात वाढले आणि आजारपणात त्याचा आधार काय असतो ते जाणते. पण आपल्या इंदूरच्या मराठी घरांत "आमच्याकडे सुनेला मुलीसारखे वागवतात" असे म्हणताना सुनेला कोणी विचारले आहे का? दोन वर्षांपूर्वी बारावीच्या परीक्षेनंतर लगेच आमच्या एका हुशार मुलीचे लग्न झाले. पत्रिका द्यायला ती वडिलांबरोबर आली होती. माझ्या समोर ती एकदाही बोलली नाही, आणि मीही तिला काही विचारले नाही. ते मला अजून टोचते.

राहिला हिंदीचा प्रश्न. राजेंद्रजींच्या पत्नी मन्नू भंडारी यांचा जन्म भानपुऱ्याचा, म्हणजे जिथे यशवंतराव होळकरांची छत्री आहे तिथला. त्यांच्या 'यही सच है' या कथेवर बासूदांनी १९७४ मध्ये 'रजनीगंधा' काढला आणि त्यात आपले अमोल पालेकर होते. यात परके कोण, ते मला तरी सांगता येत नाही. मराठीचे तास एकही कमी केलेला नाही, यादीतली मराठी पुस्तके तशीच आहेत.

तेव्हा ठरले आहे ते असे. ग्रंथालयात 'सारा आकाश'च्या चार प्रती आल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी दुपारी सभागृहात चित्रपट दाखवू. ज्यांनी निदान पूर्वार्ध वाचला आहे, त्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी यावे, सोबत आई किंवा वडिलांना, शक्य तर आजीला, आणावे. नंतर तासभर बोलू. चारपैकी तीन प्रती मुलांकडे आहेत. चौथी, सभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या गृहस्थांनी नेली आहे. मुदत संपून आठवडा झाला, पण मी मागायला पाठवलेले नाही.

— आपली मुख्याध्यापिका