विश्लेषण : तीन लेटमार्क लागले की अर्ध्या दिवसाचा पगार कट... हे कायद्यात बसते का?

महिन्यात तीन वेळा दहा-दहा मिनिटे उशीर झाला, की अर्ध्या दिवसाचा पगार गेला. हा नियम इतक्या ऑफिसांमध्ये आहे की तो सरकारनेच केला असावा असे अनेकांना वाटते. मलाही वाटायचे. इंजिनिअरिंगनंतरच्या पहिल्या नोकरीत साडेनऊला एक मिनिट झाले तरी बायोमेट्रिक मशीन लेटमार्क टाकायचे. लोकल दिव्याजवळ थांबली होती, हे त्या मशीनला सांगून उपयोग नव्हता. महिनाअखेरीस पगार कमी यायचा आणि आम्ही तो मुकाट्याने घ्यायचो. कायदा उघडून पाहिला तो बऱ्याच उशिरा. उशिरा आल्याबद्दल पगार कापता येतो, पण किती कापायचा याला कायद्याने माप घालून दिले आहे.

कायदा नेमका काय म्हणतो?

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातील वेतन संहिता, २०१९ मधील कलम २० गैरहजेरीबद्दलच्या कपातीचे आहे. गैरहजेरी म्हणजे पूर्ण दिवसाचीच नव्हे, कामाच्या वेळेचा एखादा भागही त्यात येतो. म्हणजे उशीरही आला. कामाच्या एकूण वेळेत गैरहजेरीच्या वेळेचे जे प्रमाण असेल, त्याहून जास्त प्रमाणात वेतन कापता येत नाही. याला एक अपवाद आहे. दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांनी संगनमताने, पूर्वसूचना न देता आणि योग्य कारण नसताना दांडी मारली, तर आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापण्याची तरतूद होऊ शकते.

गंमत म्हणजे यात नवे फारसे काही नाही. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात हेच माप होते. मात्र तो कायदा अलीकडे महिना २४ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांनाच लागू होता. नव्या संहितेत ही मर्यादा नाही आणि पर्यवेक्षक, व्यवस्थापकही ‘कर्मचारी’ या व्याख्येत येतात. आयटीतल्या, बँकेतल्या, स्टार्टअपमधल्या नोकरदारांसाठी खरी बातमी ही आहे.

हिशेब करून पाहू

समजा वेतन महिना २६ हजार, कामाचे दिवस २६ आणि रोजचे आठ तास. दिवसाचे झाले १,००० रुपये, तासाचे १२५. तीन वेळा दहा मिनिटे म्हणजे अर्धा तास, म्हणजे ६२ रुपये ५० पैसे. ‘तीन लेटमार्क’च्या नियमाने जातात ५०० रुपये. वरचे ४३७ रुपये ५० पैसे ही न केलेल्या कामाची कपात नाही. तो दंड आहे, फक्त पगारपत्रकात त्याला तसे म्हटलेले नसते.

मग दंड लावताच येत नाही का?

लावता येतो, पण त्याचा रस्ता वेगळा आहे. कलम १९ नुसार कोणत्या कृतींसाठी दंड होईल याची यादी मालकाने सरकारची किंवा ठरवून दिलेल्या प्राधिकरणाची आधी मंजुरी घेऊन नोटीस लावून जाहीर करायची असते. दंड करण्यापूर्वी कर्मचाऱ्याला बाजू मांडू द्यावी लागते. एका महिन्यातील एकूण दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही, हप्त्याने वसूल करता येत नाही आणि ९० दिवसांनंतरही नाही. शिवाय ही रक्कम कंपनीच्या खिशात जात नाही. तिची नोंद ठेवून ती कर्मचाऱ्यांच्या हितासाठीच खर्च करायची असते.

वरच्या उदाहरणात ३ टक्के म्हणजे ७८० रुपये. ५०० त्याच्या आत बसतात. म्हणजे आक्षेप रकमेवर नाही, पद्धतीवर आहे. एचआरचा एक ईमेल म्हणजे मंजूर यादी नव्हे, आणि ऑफर लेटरवर सही केली म्हणून कायद्यातील मर्यादा उठत नाही.

पगाराऐवजी रजा कापली तर?

हा प्रकार वेगळा आहे आणि कंपन्या तो म्हणूनच पसंत करतात. केंद्र सरकारी कार्यालयांत उशिराच्या प्रत्येक दिवसामागे अर्धी किरकोळ रजा वजा करण्याचा नियम आहे. मात्र तासाभरापर्यंतचा उशीर, महिन्यात दोनदा, सबळ कारण असल्यास अधिकारी माफ करू शकतो. जून २०२४ मध्ये कार्मिक विभागाने याची पुन्हा आठवण करून दिली, तेव्हा ‘सव्वानऊची डेडलाइन’ म्हणून बातम्या झाल्या होत्या. सरकारी नोकरांना सेवानियम लागतात, त्यामुळे वरचा हिशेब त्यांना थेट लावता येणार नाही.

खासगी क्षेत्रात, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली येणाऱ्या कामगारांना वर्षाला आठ किरकोळ रजा कायद्यानेच मिळतात. कायद्याने दिलेली रजा आणि कंपनीने आपणहून दिलेली जादा रजा यांत फरक आहे. कोणती रजा वजा झाली, ते स्लिपवर पाहा.

मालकाची बाजू

ती कच्ची नाही. कारखान्यात दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर आला नाही, तर पहिल्याला मशीन सोडता येत नाही. त्याचा अर्धा तास कोणीतरी भरतोच. म्हणूनच सवयीने उशिरा येणे हे आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तन मानले आहे. आरोपपत्र, चौकशी आणि मग शिक्षा, हा मार्ग मालकाला खुला आहे.

न्यायालयातही मालकाची सरशी झाल्याचे उदाहरण आहे. डिसेंबर १९७७ मधील चार तासांच्या संपाबद्दल बँक ऑफ इंडियाने पूर्ण दिवसाचा पगार कापायचे ठरवले. मुंबईतून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या या वादात १९९० साली निकाल बँकेच्या बाजूने लागला. मात्र तो ठरवून केलेला संप होता. कपात तासांपुरती की त्याहून जास्त, हे प्रत्येक प्रकरणाच्या परिस्थितीवर ठरेल, असेही न्यायालयाने म्हटले. लोकल चुकलेल्या माणसावर हा निकाल जसाच्या तसा चिकटवणे मला ओढूनताणून वाटते.

आणि संध्याकाळचे काय? सकाळची दहा मिनिटे मोजणारे मशीन रात्री साडेआठची पंचही नोंदवते. कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्यांना जादा कामाचे वेतन दुप्पट दराने देणे बंधनकारक आहे. पंचचा डेटा मागाल तेव्हा दोन्ही वेळा मागा.

तक्रार कशी करायची?

आधी एचआरला लेखी विचारा : कपात कोणत्या कलमाखाली, किती मिनिटांची? ईमेल पुरेसा आहे. उत्तर मिळाले नाही तर जिल्ह्यातील कामगार आयुक्त कार्यालयात चौकशी करा. जुन्या कायद्यात दाव्याला बारा महिन्यांची मुदत होती, संहितेत ती तीन वर्षे आहे. बेकायदा कपातीच्या दाव्यात आपण देणे पूर्ण दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते आणि प्राधिकरण दाव्याच्या दहा पटींपर्यंत भरपाई देऊ शकते. पगाराच्या स्लिपा आणि हजेरीचे स्क्रीनशॉट ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. नोकरी सोडताना लॅपटॉप परत द्यावा लागतो.